लंगडीत पहिल्यांदा बाद होणारी मुलं



मी शिकवते त्या पहिलीच्या वर्गात एक मुलगी होती. वाचनात हुशार, अक्षर मोत्यासारखं. पण लंगडी सुरू झाली की दुसऱ्याच उडीला पाय खाली! मुलं हसायची. मला दया आली आणि मी तिला पाटी देऊन गुण मोजायला बसवलं. दिवाळीपर्यंत ती तशीच कडेला बसली. एक दिवस तिची आई म्हणाली, “बाई, हल्ली ती वाड्यातही खेळत नाही. म्हणते, मी फक्त मोजते.” मी चपापलेच. जिला सरावाची सर्वांत जास्त गरज, तिचाच खेळ मी बंद केला होता!

धावणं, उडी मारणं, तोल सांभाळणं, चेंडू फेकणं-झेलणं ही मोठ्या स्नायूंची कामं. पुस्तकात यांना ‘स्थूल कारक कौशल्ये’ म्हणतात. आपण मुलांची अक्षरं तपासतो, उंची-वजन मांडतो, पण हे पाहायचं मात्र राहून जातं. घरच्या घरी पाहायला एक खडू, एक मोठा चेंडू आणि जिन्याच्या चार पायऱ्या पुरतात. पाच-सहा वर्षांच्या मुलाचं असं पाहा :

१. एका पायावर उभं राहणं. पाच वर्षांचं मूल साधारण आठ-दहा सेकंद तोल सांभाळतं. दोन्ही पाय वेगवेगळे पाहा.

२. लंगडी. याच वयात सलग आठ-दहा उड्या बहुतेकांना जमतात.

३. दोन्ही पायांनी उडी. पाय एकदम उचलले जातात का? टेकताना गुडघे वाकतात का?

४. जिना उतरणं. एकेका पायरीवर एकेक पाय पडतो, की दर पायरीवर दोन्ही पाय टेकावे लागतात?

५. खडूच्या रेघेवरून टाचेला चवडा लावत चालणं.

६. चेंडू झेलणं. हातांनी धरतो, की छातीशी कवटाळतो? नजर चेंडूवर असते का?

आधी स्वतः करून दाखवा. मूल अनवाणी असावं. भुकेलेलं, झोपाळलेलं किंवा तापातून उठलेलं नको. तीन वेळा करू द्या. उडी किती लांब गेली यापेक्षा ती कशी मारली, ते पाहा. भावंडांसमोर परीक्षा घेऊ नका आणि “शेजारचा बघ कसा करतो” हे तर अजिबात नको! वहीत तारीख घालून लिहून ठेवा आणि दोन महिन्यांनी पुन्हा पाहा.

एखाद-दुसरी गोष्ट जमली नाही, तर घाबरू नका. पुष्कळदा कारण साधं असतं : लिफ्टचं घर, दारात शाळेची बस, संध्याकाळी मोबाईल. अशा वेळी रोज पंधरा-वीस मिनिटं दोरीउड्या, ठिकरी, फुगडी, चेंडू. चेंडू सारखाच हुकत असेल, तर डोळेही तपासून घ्या.

पण काही खुणा दिसल्या, तर ‘वाढेल तसं सुधारेल’ म्हणत थांबू नका. जमिनीवरून उठताना मूल मांड्यांवर हात रोवून, जणू स्वतःवरच चढत उठतं, पोटऱ्या वाजवीपेक्षा जाड दिसतात, सारखं चवड्यांवर चालतं, वारंवार पडतं, एकच बाजू कमी वापरतं, किंवा आधी जमणारी गोष्ट आता जमेनाशी होते. यांतलं काहीही दिसलं, तर लगेच बालरोगतज्ज्ञांना दाखवा. यात स्नायूंचा किंवा मज्जासंस्थेचा आजार असू शकतो, आणि तो लवकर कळलेला बरा. त्याला आळस समजून रागावलं, तर मुलावर केवढा अन्याय! सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून शाळा-अंगणवाड्यांतून मुलांची तपासणी होते. पथक येईल तेव्हा तुमची वही त्यांना जरूर दाखवा.

त्या मुलीचं काय झालं? डॉक्टरांनी तपासलं, आजार काही नव्हता. आधी भिंतीला हात लावून, मग माझं बोट धरून, मग एकटीनं असा रोज थोडा सराव केला. संक्रांतीपर्यंत तिनं सलग आठ उड्या मारल्या. आता वर्गात गुण मोजायची पाटी पाळीपाळीनं सगळ्यांकडे जाते.