विमा ऑपरेशनचा, दुखणं बाईचं



आरोग्यावरच्या शिबिरांत, बैठकांत दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, "खेड्यातल्या बायांना जाणीवच नाही, दवाखान्यात येतच नाहीत." दोन, "फुकट दिलं की बाया उगाच गर्दी करतात." कधी कधी एकाच साहेबांच्या तोंडून एकाच दुपारी ही दोन्ही वाक्यं निघतात. बाई आली नाही तर अडाणी, आली तर फुकटी! यातलं दुसरं वाक्य थेट अर्थशास्त्राच्या पुस्तकातून आलेलं आहे आणि त्याच्यावर सरकारी धोरणं उभी राहिली आहेत. म्हणून त्याचा समाचार घेणं भाग आहे.

पुस्तक सांगतं की वस्तू स्वस्त झाली की मागणी वाढते. विमा असला की उपचार फुकट पडतो आणि माणूस गरज नसतानाही दवाखान्यात जातो. तेव्हा त्याच्या खिशाला थोडी तोशीस लागू द्यावी. १९८७ साली जागतिक बँकेने गरीब देशांना हाच सल्ला दिला: सरकारी दवाखान्यांत शुल्क लावा, विम्याला आणि खाजगी सेवेला उत्तेजन द्या. आपल्या राज्यातही सरकारी दवाखान्यात केस पेपरपासून तपासण्यांपर्यंत पैसे मोजावे लागत. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांतलं हे शुल्क बंद व्हायला १५ ऑगस्ट २०२३ उजाडावा लागला.

या सिद्धांताची परीक्षा खुद्द अमेरिकेतच झाली होती. १९७० च्या दशकात रँड या संस्थेने अडीच हजारांवर कुटुंबांवर प्रयोग केला. कुणाला उपचार पूर्ण फुकट, कुणाला कमी-जास्त पैसे भरून. पैसे भरावे लागले त्यांनी उपचार कमी घेतले हे खरं. पण त्यांनी नको असलेला उपचार जसा टाळला, तसाच गरजेचा उपचारही टाळला. आणि रक्तदाब असलेल्या गरीब माणसांना फुकट उपचाराचा स्पष्ट फायदा झाला. म्हणजे खिशाला चाप लावला की उधळपट्टी तेवढी थांबते, ही समजूत खोटी ठरली.

आता आपल्याकडे या. मी किन्हीराजाची, मालेगाव तालुका, वाशीम जिल्हा. इथल्या बाईला दवाखाना कितीला पडतो, ते कोणत्याही दरपत्रकात लिहिलेलं नसतं. केस पेपर फुकट झाला, पण सोयाबीनच्या निंदणाच्या किंवा सोंगणीच्या दिवसांत एक दिवस वावरात गेलं नाही की मजुरी बुडते. मालेगावला नाहीतर वाशीमला जायचं तर गाडीभाडं आलं. सोबत कुणी आलं तर दुसरी मजुरी गेली. लेकरू शेजारणीकडे ठेवायचं, सासूला विचारायचं, नवऱ्याला पटवायचं. "चालती-फिरती तर आहेस, काय झालं तुला?" या प्रश्नाला उत्तर द्यायचं. ही सगळी किंमतच आहे, आणि ती रोकड मोजावी लागते. ती परवडत नाही म्हणून बाई घरी राहते, आणि कागदावर नोंद होते की मागणी नाही.

ही मागणी खरंच नाही का? आपल्याच विदर्भात डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांमधल्या ६५० बायांची तपासणी केली आणि १९८९ साली ती 'लॅन्सेट' या नियतकालिकात छापून आली. ९२ टक्के बायांना स्त्रीरोगांपैकी कोणता ना कोणता आजार होता. त्यावर आधी कधी तपासणी वा उपचार घेतलेल्या बाया होत्या फक्त ८ टक्के. बाजाराला फक्त हे आठ दिसतात. उरलेल्या चौऱ्याऐंशी जणी त्याच्या हिशेबात नाहीत, कारण त्या खिडकीपाशी पोचल्याच नाहीत.

विम्याने ही दरी बुजवली का? राजीव गांधी जीवनदायी योजना जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढच्या वर्षी राज्यभर गेली, आणि २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिबा फुले यांचं नाव मिळालं. आता केंद्राच्या योजनेसह कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचं कवच आहे. आकडा मोठा आहे. पण हा पैसा खाटेवर निजल्यावरच सुटतो. अंगावरून पांढरं जातं, कंबर धरते, मायांग बाहेर येतं पण अजून ऑपरेशनची वेळ नाही, रक्त कमी आहे, चक्कर येते, यासाठी दवाखान्यात जाऊन औषध घेऊन परत यायचं तर हे कार्ड उपयोगाचं नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायांच्या अंगात रक्त कमी होतं. रक्त कमी असण्याला बहुतेकदा ऑपरेशन लागत नाही. गोळ्या, खाणं, विश्रांती आणि वेळच्या वेळी तपासणी, एवढंच लागतं. पण यात कुणाला बिल काढता येत नाही.

मग काय होतं? बाई वर्षानुवर्षं सोसते. शेवटी असह्य झालं की कुठेतरी सांगितलं जातं, "पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल." १९६३ साली केनेथ ॲरो या अर्थतज्ज्ञाने लिहून ठेवलं आहे की वैद्यकीय सेवा ही बाजारातल्या इतर वस्तूंसारखी नाही. इथं गरज काय ते सांगणारा आणि सेवा विकणारा एकच असतो. मागणी बाईची नसते, ती विकणाऱ्याने तयार केलेली असते. २०१२ साली छत्तीसगडमध्ये राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेच्या कार्डावर खाजगी दवाखान्यांनी बायांची गर्भाशयं काढल्याचं उघडकीला आलं. आंध्रात आरोग्यश्री योजनेत हीच ऑपरेशनं इतकी वाढली की सरकारला ती सरकारी दवाखान्यांपुरती ठेवावी लागली. बीडच्या ऊसतोड कामगार बायांची २०१९ मध्ये पाहणी झाली, तेव्हा ८२,३०९ पैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. तिथे विम्याच्या जागी मुकादमाची उचल होती, खाडा पडला की दंड होता. पैसा विम्याचा असो की उचलीचा, तो कापण्यासाठी लगेच मिळतो. बरं होण्यासाठी मिळत नाही.

आणि सगळं फुकट केलं तरी घरातला क्रम बदलत नाही. राजस्थानच्या सरकारी विमा योजनेतल्या लाखो दाव्यांचा अभ्यास झाला. लहान मुलांच्या दवाखाना-भेटींत मुली फक्त ३३ टक्के आणि म्हाताऱ्या माणसांत बाया ४३ टक्के. पण ज्या गावांत बरीच वर्षं बाई सरपंच होती, तिथे हा फरक कमी होता. हे आपण नीट लक्षात ठेवायला हवं.

कार्ड फाडून टाका असं मी म्हणत नाही. हृदयाचं ऑपरेशन, डायलिसिस, कॅन्सर यांत या योजनेने कितीतरी घरं कर्जातून वाचवली आहेत. पण विमा गावापासूनही सुरू होऊ शकतो. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने गावकऱ्यांकडून ऐपतीप्रमाणे ज्वारी घेऊन, गावात आरोग्य सेवक ठेवून तो चालवून दाखवला आहे. प्रश्न पैशाचा जितका आहे तितकाच तो कुठे सुटतो याचा आहे.

म्हणून येत्या ग्रामसभांत आपण हे मांडू या:

१. प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून ठरलेल्या दिवशी स्त्री डॉक्टर आणि पडद्याआड तपासणी हवी, आणि तीही कामावरून परतल्यावर येता येईल अशा वेळी.

२. विम्यावर जितका खर्च, तितकाच बाह्यरुग्ण सेवेवर आणि औषधांवर.

३. गर्भाशय काढण्याआधी दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला सक्तीचा. बीडमध्ये जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागू झाली, ती प्रत्येक जिल्ह्यात हवी.

४. ५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या ऑपरेशनांवरची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत अमलात आणायला राज्यांना सांगितलं. त्यात जिल्हा देखरेख समिती आहे. आपल्या जिल्ह्याच्या समितीत कोण आहे, ती शेवटची कधी बसली, हे लेखी विचारा.

५. टाकलेल्या, विधवा, एकट्या बायांना स्वतःच्या नावाचं रेशनकार्ड. सासरच्या कार्डावर अडकलेलं नाव तिच्या उपयोगाचं नाही.

पुढच्या वेळी कुणी म्हणालं की बायांची मागणीच नाही, तर त्यांना विचारा: तुम्ही मोजलं कुठे, दवाखान्याच्या खिडकीवर की वावरात?