वखारवाल्यांची साक्ष

खालापूर तालुक्यातील उंबरखिंडीत २ फेब्रुवारी १६६१ रोजी शिवाजी महाराजांनी कारतलबखानाची फौज कोंडली. या प्रसंगाचे सविस्तर वर्णन परमानंदाच्या ‘शिवभारता’त आहे, परंतु परमानंद पडला आश्रित कवी, त्याच्यावर विसंबावे कितपत, असा प्रश्न विद्यार्थी हटकून विचारतात. प्रश्न रास्तच आहे. मात्र इंग्रज वखारवाल्याचे पत्र पुढे आले की हाच चिकित्सक विद्यार्थी निःशंक होतो. साहेबाने लिहिले, वर तारीखही घातली, म्हणजे ते खरेच असणार!

उंबरखिंडीनंतर थोड्याच आठवड्यांत महाराजांनी राजापूर घेतले व तेथील इंग्रजांना कैद केले. कंपनी आपल्या सुटकेसाठी काहीच करीत नाही, असा आक्रोश या कैद्यांनी पत्रांतून केला. ती पत्रे तेवढीच वाचली, तर निरुपद्रवी व्यापाऱ्यांवर घाला पडला असेच वाटेल. वस्तुतः आदल्या वर्षी रेव्हिंग्टन व त्याचे सोबती पन्हाळ्याच्या वेढ्यात सिद्दी जौहराच्या बाजूने, इंग्रजी निशाण लावून, गोळे फेकीत होते. हे आम्हांला कोणत्या बखरीने सांगितलेले नाही. तुमची कैद कंपनीचा माल राखताना झालेली नसून पन्हाळ्यावरील उद्योगामुळे झाली आहे, असे सुरतेच्या वरिष्ठांनीच त्यांना १६६२ मध्ये सुनावले.

आफ्रिकेतील झुलूंच्या इतिहासाची गत याहून वाईट झाली. नाताळच्या किनाऱ्यावरील व्यापारी नॅथॅनिएल आयझॅक्स याने १८३२ मध्ये आपला सहकारी फिन याला पत्राने सल्ला दिला, की झुलू राजे होतील तितके रक्तपिपासू रंगवावेत. हे पत्र १९४१ मध्ये उजेडात आले. तोवर शाका राजाचे चित्र मुख्यतः याच दोघांच्या लेखनावरून रेखाटले गेले होते.

कंपनीचे कागद त्याज्य आहेत, असे मुळीच नव्हे. अर्थशास्त्राच्या अध्यापकाला त्यांचा मोहच पडतो. पण त्यांतील राजापूरच्या नुकसानीचा आकडा हा वसुलीसाठी मांडलेला दावा आहे. त्यावर वर्षानुवर्षे घासाघीस चालली आणि १६७४ मध्ये तो दहा हजार होनांवर मिटवण्याचे ठरले. दावेदाराच्या खतावणीवरून लुटीचे मोजमाप कोण करील? उलट, त्याच वाटाघाटींसाठी आलेला हेन्री ऑक्झेंडन रायगडावर राज्याभिषेकाच्या वेळी हजर होता. सिंहासनाजवळचे सोन्याचे मासे, तराजू यांविषयी खोटे लिहून त्याला एक होनही मिळणार नव्हता. दारातले दोन हत्ती एवढा बिकट चढ चढून वर आले कसे, हा त्याला पडलेला अचंबा मी बिनदिक्कत खरा मानतो.