प्रसन्न म्हणजे हसरे नव्हे

आपल्या सोलापुरात लग्नपत्रिका असो, दुकानाची पाटी असो की रिक्षाची काच, वर एक ओळ ठरलेली: श्री सिद्धेश्वर प्रसन्न. देवाने प्रसन्न व्हावे ही आपली जुनी मागणी. पण आता तीच मागणी आपण आजाऱ्याकडेही करू लागलो आहोत. 'ताई, जरा प्रसन्न राहा, निम्मे दुखणे तिथेच जाईल,' असे भेटायला आलेला जो तो सांगतो आणि सफरचंदांची पिशवी ठेवून निघून जातो. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण या शब्दाचा अर्थ आपण भलताच धरला आहे आणि त्याचा भुर्दंड रुग्णाला पडतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

संस्कृतातल्या 'सद्' या धातूपासून हा शब्द झाला. सद् म्हणजे बसणे, खाली स्थिरावणे. गाळ बसून नितळ झालेले पाणी ते प्रसन्न. आयुर्वेदात तर मद्याच्या वरच्या निवळ भागाला 'प्रसन्ना' असेच नाव आहे! निरोगी माणूस कोणता हे सांगताना सुश्रुतांनी दोष, अग्नी, धातू आणि मलक्रिया यांच्या समतोलासोबत आत्मा, इंद्रिये व मन प्रसन्न असण्याची अट घातली. हसतमुख असण्याची घातली नाही. (ज्याला त्यांनी 'स्वस्थ' म्हटले, तो शब्द आपण फक्त मुलांना दटावायला ठेवला आहे: 'स्वस्थ बस!')

आता पाण्याचेच बघा. पावसाळ्यात पाणी गढूळ आले की आपण घागरीत तुरटी फिरवतो आणि मग ती घागर हलवत नाही. 'लवकर निवळ' असे तिच्यावर कोणी ओरडत नाही. मनाच्या बाबतीत मात्र आपण नेमके तेच करतो.

गेल्या वर्षी एक बाई माझ्याकडे आल्या होत्या. बाळंतपणाला चार महिने झालेले. झोप नाही, जेवण नको, बाळ रडले तरी उठावेसे वाटेना. त्यावर सासूबाई म्हणत, 'घरात लक्ष्मी आली अन् ही तोंड पाडून बसलीय.' नवऱ्याने तिला बागेतल्या हास्यक्लबात नेले. तिथे ती सगळ्यांसोबत हसली आणि घरी येऊन रडली. वर 'मला हसताही येत नाही' ही अपराधी भावना नव्याने चिकटली. रक्त आणि थायरॉईड तपासून मी तिला मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवले. औषधाचा गुण दिसायला तीन-चार आठवडे गेले. तोवर सासूबाईंनी रात्री बाळाला आपल्याजवळ घेतले. औषधाइतकाच त्याचाही उपयोग झाला.

हास्यक्लबांवर माझा राग नाही. मुंबईत १९९५ साली ही चळवळ सुरू झाली आणि तिने अनेक एकट्या वृद्धांना सकाळी घराबाहेर काढले. पण नैराश्य हा आजार आहे. तो स्वभावदोष नाही आणि आळसही नाही.

आपल्या गावात कन्नड माणूस 'आराम इद्दीरी?' असे विचारतो, तेलुगू माणूस 'बागुन्नारा?' म्हणतो, मराठी माणूस 'बरं आहे ना?' म्हणतो. तिन्ही प्रश्न चांगले आहेत, फक्त उत्तरासाठी थोडे थांबावे. त्यापुढे विचारावे, झोप लागते का, जेवण जाते का, पूर्वी आवडायचे ते अजून आवडते का. उदासी किंवा कशातच गोडी न वाटणे दोन आठवड्यांहून अधिक टिकले तर डॉक्टरांकडे न्यावे. 'जगणे नकोसे झाले' असे कोणी म्हणाले तर दोन आठवडेही थांबू नये आणि त्या माणसाला एकटे सोडू नये. त्याबद्दल उघड विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत खोटी आहे.

सोलापूरच्या शासकीय रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. ज्यांना तिथे जायला संकोच वाटतो त्यांच्यासाठी २०२२ पासून सरकारची 'टेली मानस' सेवा आहे. क्रमांक १४४१६. फोन रात्रंदिवस चालू असतो, पैसे लागत नाहीत आणि मराठीतून बोलता येते.