मयताचा पैसा, वारसांची पायपीट

दिवसकार्य आटोपले की घरातली बाई नवऱ्याचे पासबुक आणि मृत्यूचा दाखला घेऊन बँकेत जाते. खिडकीपलीकडून पहिला प्रश्न येतो, ‘नॉमिनी कोण?’ नॉमिनी लावलेला नसेल, तर पुढचे वाक्य ठरलेले असते, ‘मग कोर्टातून वारस दाखला आणा.’ इथून वकील, अर्ज, वृत्तपत्रातील जाहीर नोटीस आणि तारखा सुरू होतात. खात्यात साठ-सत्तर हजारच असतील, तर हा खटाटोप करण्यापेक्षा पैशावर पाणी सोडलेले बरे, असे वाटू लागते. दहा वर्षे पडून राहिलेल्या ठेवी अखेर रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत जमा होतात.

ही कोंडी फोडणारे निर्देश रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये काढले, हे स्वागतार्हच. नॉमिनी नाही, मृत्युपत्र नाही आणि वारसांत वादही नाही, अशा खात्यांसाठी व्यापारी बँकांना किमान १५ लाखांपर्यंत आणि सहकारी बँकांना ५ लाखांपर्यंत सोपी पद्धत ठरवून देण्यात आली. या मर्यादेत त्रयस्थ जामीनदार मागता येत नाही. कागदपत्रे पूर्ण झाल्यावर १५ दिवसांत दावा निकाली काढायचा आणि बँकेमुळे विलंब झाला, तर भरपाईही द्यायची.

पण सामान्य घराची मिळकत एकाच खात्यात नसते. थोडी ठेव बँकेत, थोडी गावच्या पतसंस्थेत, काही शेअर, अर्धा एकर जमीन. पतसंस्था राज्याच्या सहकार कायद्याखाली येतात. तिथे रिझर्व्ह बँकेचे हे निर्देश लागू नाहीत. शेअरसाठी सेबीच्या मर्यादा वेगळ्या. ज्यांच्याकडे नॉमिनी आहे, तेही सुटले असे नाही. नॉमिनी हा रक्कम स्वीकारणारा, मालक नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्येच विम्याच्या एका प्रकरणात सांगितले. एकाच माणसाचे वारस कोण, हे प्रत्येक दारात नव्याने सिद्ध करावे लागते.

जमिनीबाबत मात्र महाराष्ट्राकडे चांगला धडा आहे. सातबाऱ्यावर वारसनोंद करताना तलाठी स्थानिक चौकशी करतो, नोटीस निघते, हरकत नसेल तर मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतो. २०२५ च्या ‘जिवंत सातबारा’ मोहिमेत सरकारनेच मृत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावण्याचे काम हाती घेतले. जमिनीच्या नोंदीला चालणारी चौकशी छोट्या ठेवीला का चालू नये? तमिळनाडूत वारसांचा दाखला तहसीलदार देतो. आपल्याकडे तो अजूनही १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनखाली दिवाणी न्यायालयातून घ्यावा लागतो. वारसा हा समवर्ती सूचीतील विषय आहे. राज्याने मनावर घेतले, तर कायदा करता येतो.

सोपेपणात फसवणुकीची वाटही असते, हे खरे. हिंदू वारसा कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत समान वाटा मिळाला, तरी भाऊबीजेच्या ओवाळणीबरोबर हक्कसोडपत्रावर सही घेण्याचा प्रकार थांबलेला नाही. त्यामुळे प्रत्येक वारसाला स्वतंत्र नोटीस, बहिणींची सही अधिकाऱ्यासमोर आणि खोट्या प्रतिज्ञापत्राला फौजदारी शिक्षा, ही पथ्ये पाळावीच लागतील. पण ती पाळण्यासाठी प्रत्येकाला कोर्टाची पायरी चढायला लावण्याची गरज नाही.

वाद असेल तिथे न्यायालय, वाद नसेल तिथे तहसीलदार, हे सूत्र राज्याने कायद्यात आणावे. ठरावीक मर्यादेपर्यंत एकच दाखला बँक, पतसंस्था आणि गृहनिर्माण संस्था या सर्वांनी मान्य करावा आणि तो देण्यास मुदतही असावी. विधिमंडळाच्या येत्या अधिवेशनात असे विधेयक आणणे सरकारला अवघड नाही. अडचण कायद्याची नसून इच्छाशक्तीची आहे.