गिअर पायात आला की

स्कूटर येते म्हणजे मोटारसायकल आलीच, असं समजू नका. आमच्या धाकटीला मी गाड्यांचे रंग बघण्याआधी लायसन्स दाखवायला लावलं. त्यावर ‘विनागिअर’ एवढंच. मंडळी, पुष्कळ घरांत मुलींचं असंच असतं. गिअरच्या गाडीसाठी आरटीओत तो वर्ग वाढवून घ्यावा लागतो. नाहीतर अपघातानंतर विमा कंपनी हात वर करायला मोकळी.

मी चेतकवर शिकलो. तिथं गिअर डाव्या मुठीत. मोटारसायकलला तो डाव्या पायात आणि मागचा ब्रेक उजव्या पायात. विनागिअर गाडीवर दोन्ही ब्रेक हातात असतात, त्यामुळे घाबरलं की डावा हात आवळला जातो. इथं त्या हातात ब्रेक नव्हे, क्लच! गाडी थांबायची कशी? ही सवय रिकाम्या मैदानातच मोडावी.

तिला रोज खानापूर-बेळगाव करायचंय, म्हणून मोठी, अठरा इंची चाकं मला पसंत. पावसाळी खड्ड्यांत ती बरी. तिची नजर मात्र दीडशे सीसीवर. अज्जी म्हणाल्या, ‘ब्याडव्वा!’ मीही शंभरचीच घे म्हटलं. तर म्हणते, 2019 पासून 125 सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे, शंभरला तेव्हा नव्हतं. हे खोडता येईना. मग बंद गाडी चढावर ढकलून दाखव म्हटलं. ढकलली!

लर्निंग काढलंय. तीस दिवसांनी पक्क्याची परीक्षा, बुकिंग त्यानंतर.