अधिकारपद हे वतन नव्हे

सांगोला तालुक्यातील आणि आसपासच्या गावांतील आमच्या बौद्ध बंधुभगिनींपुढे आज आम्ही एक असा प्रश्न मांडीत आहोत, की जो वरवर पाहता वकिलांचा व कचेरीतला वाटेल. परंतु त्याचा संबंध आपल्या वस्तीतील गटारीशी, पिण्याच्या पाण्याच्या नळाशी आणि समाजमंदिराच्या भिंतीशी आहे. ज्याच्या हाती सार्वजनिक पैसा खर्च करण्याचा अधिकार आहे, त्याचा स्वतःचा पैसा त्याच कामात गुंतलेला असावा काय? असल्यास ते लोकांना सांगणे त्याच्यावर बंधनकारक आहे काय? आणि त्याने सांगितले नाही, तर लोकांनी काय करावे? या तीन प्रश्नांची उत्तरे प्रत्येक बौद्ध कुटुंबाला ठाऊक असली पाहिजेत.

हा प्रश्न इतरांपेक्षा आपल्याला अधिक लवकर कळावा असे कारण आहे. जुन्या गावगाड्यात अधिकार आणि मालमत्ता ही दोन नव्हतीच. पाटलाचा मान, कुळकर्ण्याचे दप्तर ही वंशपरंपरेने चालणारी वतने होती. जो जमीन राखी तोच अधिकार राखी, आणि ज्याच्या घरी दप्तर असे त्याच्याच लेखणीने हिशेब लिहिला जाई. मग त्या हिशेबाला हिशेब विचारणार कोण? त्याच गावगाड्याच्या तळाशी महार वतन होते. चाकरी साऱ्या गावाची व सरकारची, आणि मोबदला मात्र तुटपुंज्या इनाम जमिनीचा व दुसऱ्याच्या मर्जीवर मिळणाऱ्या बलुत्याचा! या वतनाच्या बेडीतून समाजाला सोडविण्यासाठी परमपूज्य बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात १८७४ च्या वतन कायद्याच्या दुरुस्तीचे बिल आणले. पुढे १९५० च्या कायद्याने कुळकर्णी वतने गेली, १९५८ च्या कायद्याने महार वतनासह कनिष्ठ गावकामगारांची वतने १ ऑगस्ट १९५९ पासून नष्ट झाली आणि १९६२ च्या कायद्याने पाटीलकीचे अधिकारपद संपले. कागदावरची वतने अशी संपली. मनातली वतनदारी संपली काय? निवडून आलेला मनुष्य जेव्हा पंचायतीच्या कामाकडे आपल्या घरचे पीक म्हणून पाहू लागतो, तेव्हा त्याने मोडलेले वतन पुन्हा उभे केले, असेच म्हटले पाहिजे.

ही नवी वतनदारी कशी चालते, ते पाहा. वस्तीतील रस्त्याच्या काँक्रीटीकरणाचा ठराव मांडला जातो. ठरावाला हात वर करणाऱ्या सदस्याच्या मेहुण्याच्या नावे ठेका असतो. सिमेंट सदस्याच्या दुकानातून येते, ट्रॅक्टर त्याच्या भावाचा असतो आणि बिल मंजूर करण्याच्या बैठकीत तोच सदस्य पुन्हा हात वर करतो. कदाचित एक पैसाही चोरीला गेलेला नसेल. पण पहिल्या पावसात रस्ता उखडला, तर तक्रार कोणाकडे करावयाची? काम तपासणारा आणि कामाचे पैसे घेणारा एकाच घरात राहतो. ज्या खटल्यात न्यायाधीश हाच पक्षकार असतो, त्या खटल्याचा निकाल सुनावणीआधीच लागलेला असतो. आणि लक्षात ठेवा, 'अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या वस्त्यांचा विकास' या योजनेचा पैसा तर आपल्याच वस्तीच्या नावाने येतो. तो दुसऱ्याच्या दुकानात जिरला, तर नाव आपले आणि लाभ त्याचा, अशी स्थिती होते.

कायदा याविषयी मुका नाही. १९५८ च्या महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाचे कलम १४ सांगते की, पंचायतीच्या हुकुमाने होणाऱ्या कामात किंवा पंचायतीशी झालेल्या करारात ज्याचा प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष, स्वतःचा वा भागीदारामार्फत हिस्सा अगर हितसंबंध आहे, त्याला सदस्य होता येत नाही व सदस्य राहताही येत नाही. असा प्रश्न उपस्थित झाल्यास कलम १६ अन्वये जिल्हाधिकाऱ्यांकडे दाद मागता येते. सांगोला शहराला नगरपरिषद आहे. तिच्या सदस्यांनाही १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाने अशाच स्वरूपाचे बंधन घातले आहे. 'अप्रत्यक्ष' हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. गोव्यातील एका पंच महिलेच्या पतीने पंचायतीचे काम ठेक्याने घेतले होते. गोव्याच्या कौटुंबिक कायद्याप्रमाणे पतिपत्नींची मालमत्ता सामाईक असते, म्हणून त्या ठेक्यात पत्नीचाही अप्रत्यक्ष हितसंबंध येतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली दिला. आपल्याकडे मालमत्तेचा कायदा निराळा असल्याने प्रत्येक प्रकरण त्याच्या पुराव्यावरच ठरेल. नुसते नाते असणे म्हणजे गुन्हा नव्हे, हेही तक्रार करणाऱ्याने ध्यानात ठेवावे. पैसा कोणत्या हातातून कोणत्या हातात गेला, हे दाखविता आले पाहिजे.

परंतु बंदी आणि प्रकटीकरण या दोन निराळ्या गोष्टी आहेत. बंदी मोडली हे कळण्यासाठी आधी हितसंबंध उघड व्हावे लागतात. या मुद्द्यावर घटना परिषदेत झालेली चर्चा प्रत्येक वाचकाने जाणून घ्यावी अशी आहे. डिसेंबर १९४८ मध्ये मुंबईचे अर्थशास्त्रज्ञ प्रा. के. टी. शाह यांनी अशी दुरुस्ती सुचविली की, मंत्र्याने अधिकार ग्रहण करण्यापूर्वी आपली मालमत्ता व धंद्यातील हितसंबंध जाहीर करावेत. बाबासाहेबांनी या हेतूशी भांडण केले नाही. राज्यकारभार शुद्ध असावा हे त्यांना मान्यच होते. त्यांनी विचारले ते एवढेच, की हा उपाय पुरा पडेल काय? मंत्री पदावर येताना एक यादी देईल, पण जाताना दिली नाही, तर ताडून कशाशी पाहावयाचे? म्हणून जातानाचीही यादी हवी. आणि दोहोंतील वाढीचा खुलासा करता आला नाही, तर त्याला शिक्षा हवी. या तीन गोष्टींवाचून पहिली यादी पांगळी आहे. इतके करूनही चतुर मनुष्य आपले व्यवहार आडून करील, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून अखेरचा धाक कशाचा, तर विधिमंडळात एकवटलेल्या जागृत लोकमताचा, असे त्यांचे म्हणणे पडले. ती दुरुस्ती घटनेत आली नाही.

त्यानंतर तीनच वर्षांनी, १९५१ साली, हंगामी संसदेत मुंबईच्या एच. जी. मुदगल यांचे प्रकरण गाजले. मुंबईतील सोन्याचांदीच्या व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून पैसे घेऊन तिच्या हितासाठी संसदेत प्रश्न विचारले, असा त्यांच्यावर आरोप होता. सभागृहाच्या समितीने चौकशी केली, त्यांचे वर्तन सदस्यत्वाला न शोभणारे ठरविले. हकालपट्टीचा ठराव संमत होण्यापूर्वीच मुदगल यांनी राजीनामा दिला. घटना अमलात येऊन दोन वर्षेही झाली नव्हती, तेव्हाच हा रोग दिसला होता. परंतु उमेदवाराने आपली मालमत्ता मतदाराला सांगावी, हे बंधन यावयास पुढे अर्धशतक लागले. २ मे २००२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तसा निर्णय दिला आणि मार्च २००३ मध्ये तो मतदाराचा हक्क म्हणून पुन्हा पक्का केला. १६ फेब्रुवारी २०१८ च्या निर्णयाने तर उमेदवाराने स्वतःच्या, पतीच्या वा पत्नीच्या व अवलंबितांच्या उत्पन्नाचे मार्ग आणि सरकारशी असलेले ठेके हेही सांगितले पाहिजेत, असे ठरले. राज्यसभेत सदस्यांच्या हितसंबंधांची नोंदवही ठेवली जाते.

आता बाबासाहेबांची कसोटी लावून पाहा. उमेदवाराचे प्रतिज्ञापत्र ही 'येतानाची' यादी झाली. तो पुन्हा उभा राहिला, तर दुसरी यादी मिळते व तुलना करता येते. पण तो पुन्हा उभाच राहिला नाही तर? जातानाची यादी मतदाराच्या हाती येत नाही. १९४८ साली दाखविलेली फट आजही तशीच आहे.

सहकाराच्या क्षेत्रात तर ही फट अधिक रुंद होते. कारण तेथे एकच मनुष्य सकाळी कर्ज देणारा आणि दुपारी कर्ज मागणारा असू शकतो. जो कारखान्याच्या संचालक मंडळावर आहे, तोच बँकेच्या संचालक मंडळावर असला, तर अर्ज कोण तपासणार? २०१८ साली थकबाकीने खिळखिळ्या झालेल्या सोलापूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचे संचालक मंडळ दूर करून तेथे प्रशासक नेमावा लागला. कोण दोषी व कोण निर्दोष हे ठरविणे आमचे काम नव्हे. परंतु बँक आजारी पडली की पीककर्जासाठी दारात उभा असलेला लहान शेतकरी आधी परत जातो, हे सांगण्यास न्यायाधीश लागत नाही. यावर कायद्यात एक साधा उपाय आहे. १९६० च्या सहकारी संस्था अधिनियमाप्रमाणे समितीच्या सदस्यांना व त्यांच्या कुटुंबीयांना दिलेल्या कर्जाचा तपशील वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे ठेवावा लागतो. तुम्ही सोसायटीचे सभासद असाल, तर अहवाल हाती पडताच आधी ते पान उघडा. ते पान नसेल, तर ते कोठे आहे हे सभेत उठून विचारा.

येथे कोणी म्हणेल की, सांगोल्याला हे सांगण्याचे कारण काय? याच मतदारसंघाने शेतकरी कामगार पक्षाचे गणपतराव देशमुख यांना १९६२ पासून अकरा वेळा विधानसभेवर पाठविले, आणि एस. टी. ने प्रवास करणारा आमदार म्हणून त्यांची साधी राहणी सर्व महाराष्ट्राला ठाऊक झाली. हे खरे आहे, आणि तालुक्याला त्याचा अभिमान वाटणे योग्य आहे. पण ३० जुलै २०२१ रोजी गणपतराव गेले. सज्जन मनुष्य गेला की त्याचे सौजन्य त्याच्याबरोबर जाते. नियम मात्र मागे राहू शकतो. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना परिषदेत बाबासाहेबांनी राजकारणातील विभूतिपूजेचा धोका सांगितला, तो वाईट माणसांपुरता नव्हता. चांगल्या माणसावर विसंबून जे हिशेब विचारावयाचे सोडून देतात, त्यांना पुढे वाईट माणसालाही हिशेब विचारता येत नाही. सवयच मोडलेली असते.

आता आपल्या घराकडे वळू या. राखीव जागेमुळे आपल्यातील बंधू वा भगिनी सरपंच होतात, ही बाबासाहेबांच्या घटनेची देणगी आहे. पण कित्येकदा खुर्ची आपली आणि लेखणी दुसऱ्याची, असे घडते. धनादेशाच्या जागी आता डिजिटल सही आली. त्या सहीचा डोंगल सरपंचाच्या हाती न राहता भलत्याच माणसाच्या खिशात फिरतो. ठेका त्याचा, नफा त्याचा. चौकशी आली की सही मात्र तुमची! भगिनींनो, तुमची सही हे तुमचे नाव आहे. ते कोणाच्याही खिशात ठेवू नका. आणि बंधूंनो, सत्ता आपल्या माणसाच्या हाती आली म्हणून त्याच्या भावाचा ठेका शुद्ध होत नाही. दुसऱ्याच्या वतनाविरुद्ध लढलेल्या समाजाने स्वतःचे वतन निर्माण करावे, यापरते लाजिरवाणे काय?

विहाराचा निधी, जयंतीची वर्गणी, वस्तीतील मंडळाची शिल्लक यांनाही हाच नियम लागू करा. मंडप ज्याचा, त्याने मंडपाचा दर ठरविण्याच्या बैठकीत बोलू नये. आपला धंदा सांगावा व बाजूला बसावे. हे आपल्या धम्माला परके नाही. वर्षावास संपताना भिक्षुसंघात पवारणेचा विधी होतो. त्या वेळी प्रत्येक भिक्षू संघापुढे स्वतः होऊन विनंती करतो की, माझ्या हातून काही दोष घडल्याचे आपण पाहिले असेल, ऐकले असेल वा आपणांस शंका आली असेल, तर मला सांगावे. नुसती शंकासुद्धा ऐकून घेण्याची तयारी! कोणी बोट दाखविण्याची वाट न पाहता स्वतःला सभेपुढे उघडे करणे, याहून हितसंबंधांच्या प्रकटीकरणाचा उंच आदर्श कोणता?

म्हणून वाचकहो, आमचे सांगणे थोडक्यात असे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा भरविण्याची रीत आहे. त्या सभेस कुटुंबासह जा. वस्तीच्या प्रत्येक कामाबाबत तीन प्रश्न विचारा: ठेका कोणाच्या नावे आहे, माल कोणाकडून आला, आणि ठरावाच्या बाजूने मत देणाऱ्यांपैकी कोणाचा त्यात संबंध आहे? प्रश्न व उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्या. उत्तर न मिळाल्यास २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली दहा रुपये भरून लेखी अर्ज करा. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबास तेही भरावे लागत नाहीत. उत्तर तीस दिवसांत मिळाले पाहिजे. आणि आपल्यापैकी जे निवडून आले आहेत, त्यांनी कायद्याची वाट न पाहता दोन कागद ग्रामसभेपुढे ठेवावेत: एक पदावर येताना, दुसरा पद सोडताना. बाबासाहेबांनी १९४८ साली ज्या कागदाची उणीव दाखविली, तो देण्यास आज कोणताही कायदा आड येत नाही.

बाबासाहेबांनी अखेरचा धाक म्हणून ज्या लोकमताकडे बोट दाखविले, ते लोकमत दिल्लीत तयार होत नाही. ते ग्रामसभेत उठून उभ्या राहणाऱ्या एका माणसापासून सुरू होते. सांगोल्याच्या पुढच्या ग्रामसभेत तो माणूस आपल्या वस्तीतून उठावा.