80 ला 1 भावाचा घोडा आणि प्रतीक्षायादीतली आमची पोरं

7 मे 2022 रोजी अमेरिकेच्या केंटकी राज्यात, लुईव्हिल शहरातल्या चर्चिल डाउन्स मैदानावर 'केंटकी डर्बी' ही शर्यत झाली. रिच स्ट्राइक नावाच्या घोड्याने ती जिंकली. भाव होता 80 ला 1. दोन डॉलर लावणाऱ्याच्या हातात 163 डॉलर 60 सेंट पडले. हिमायतनगरच्या आंबेडकरी तरुणाला या घोड्याशी काय देणंघेणं, असं कोणी विचारील. देणंघेणं आहे, आणि ते जुगाराचं नाही. पैज लावण्याच्या फंदात पडू नका, हे आम्ही आधीच सांगून टाकतो. जमलेल्या पैशातून मैदानवाले आपला वाटा अगोदर काढून घेतात आणि उरलेलं जिंकणाऱ्यांत वाटतात; लावणाऱ्यांची जमात एकूण हिशोबात हरतेच. आम्हाला बोलायचं आहे ते भाव कोण ठरवतं आणि मैदानात कोणाला उतरू देतात याबद्दल.

तिकडे हा भाव कोणी तज्ज्ञ घोडा तपासून ठरवत नाही. ज्या घोड्यावर लोक जास्त पैसे लावतात त्याचा भाव खाली येतो, ज्याच्याकडे कोणी बघत नाही त्याचा वर चढतो. म्हणजे भाव हे पैसेवाल्या गर्दीचं मत. गर्दी काय बघते? घोड्याचा बाप कोण, आई कोण, मालक कोण, ट्रेनर कोणत्या तबेल्याचा. आपल्याकडे ज्याला 'मेरिट' म्हणतात, त्याचा बराचसा हिशोब असाच चालतो. (आणि कौशल्य कशाला म्हणायचं हेही वरूनच ठरतं. 1996 साली के. आर. लक्ष्मणन खटल्यात सुप्रीम कोर्टाने घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ ठरवला. मटक्याचा आकडा लावणारा मजूर मात्र 1887 च्या कायद्याखाली जुगारीच.)

रिच स्ट्राइकचा ट्रेनर एरिक रीड. जवळपास चार दशकं या धंद्यात, पण डर्बीत त्याचा एकही घोडा तोवर उतरलेला नव्हता. केंटकी-ओहायोच्या स्वस्त शर्यतींवर त्याचा तबेला चालायचा. डिसेंबर 2016 मध्ये त्याच्या तबेल्याला आग लागली आणि 23 घोडे जळून मेले. धंदा सोडून द्यावा असं त्याच्या मनात आलं होतं. त्याने सोडला नाही. सप्टेंबर 2021 मध्ये त्याने रिच स्ट्राइकला 30,000 डॉलरला उचललं, म्हणजे तेव्हाच्या दराने साधारण 22 लाख रुपये. ज्या शर्यतीत प्रत्येक घोडा ठरल्या किमतीला विकायला काढलेला असतो, तसल्या शर्यतीतून. विकणारा कॅल्युमेट फार्म हा डर्बीच्या इतिहासातला सर्वात नावाजलेला तबेला! त्यांना हा घोडा नकोसा झाला होता. त्या दिवशी तो 17 लांबींहून जास्त अंतराने जिंकला आणि तिथूनच रीडच्या तबेल्यात गेला.

डर्बीत जागा 20. आधीच्या शर्यतींतल्या गुणांवर यादी लागते. रिच स्ट्राइक त्या यादीत नव्हता, तो प्रतीक्षायादीत होता. शर्यतीच्या आदल्या दिवशी, नाव मागे घेण्याची मुदत संपता संपता एका बड्या तबेल्याचा घोडा बाहेर पडला आणि याचा नंबर लागला. लक्षात घ्या, त्या घडीला रीड घोड्यासह लुईव्हिलमध्येच होता. नंबर लागणार नाही असं धरून तो घरी बसला असता, तर पुढचं काहीच घडलं नसतं. जॉकी सनी लिऑन हा व्हेनेझुएलाहून आलेला, लहान मैदानांवर घोडे पळवणारा माणूस. त्याचीही ही पहिलीच डर्बी.

शर्यत सुरू झाली आणि पुढचे घोडे अंगात आल्यासारखे सुटले. पहिला पाव मैल 21.78 सेकंदांत, डर्बीच्या इतिहासातली सगळ्यात वेगवान सुरुवात. सव्वा मैलाची शर्यत त्या वेगाने कोणी संपवत नाही. पुढचे दमले. लिऑनने घोडा मागे धरून ठेवला होता. तो आतल्या कठड्याच्या कडेने वाट काढत आला आणि पाऊण लांबीने जिंकला. बक्षीस 18 लाख 60 हजार डॉलर.

दुसऱ्या दिवशी सगळीकडे एकच शब्द होता, 'चमत्कार'. हा शब्द आमच्या ओळखीचा आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेलं, वाड्यातलं, बौद्ध वस्तीतलं पोरगं एमपीएससीत वर आलं की पेपरवाले हाच शब्द छापतात. आईबापाच्या मजुरीचा फोटो, पत्र्याच्या घराचा फोटो आणि 'जिद्दीपुढे गगन ठेंगणे' असला मथळा. चमत्कार म्हटलं की दोन गोष्टी साधतात. त्या पोराचा अभ्यास कोणाला मोजावा लागत नाही. आणि बाकीच्या हजारो पोरांना सांगता येतं, की बघा, मैदान सगळ्यांना खुलं आहे, तुम्हीच कमी पडता.

मैदान खरंच खुलं होतं का? याच केंटकी डर्बीला विचारू.

पहिली डर्बी 1875 ची. मैदानात 15 जॉकी, त्यातले 13 काळे. जिंकला अ‍ॅरिस्टाइडीस. त्याचा ट्रेनर अ‍ॅन्सेल विल्यमसन, गुलामीत जन्मलेला माणूस. जॉकी ऑलिव्हर लुईस, तोही काळा. गंमत अशी, की त्या मालकाची भिस्त होती चेसापीक या आपल्या दुसऱ्या घोड्यावर. अ‍ॅरिस्टाइडीसने फक्त पुढे पळून बाकीच्यांना दमवायचं होतं. ज्याला दुसऱ्याच्या विजयासाठी राबायला उतरवलं, तोच जिंकला. त्याच्या दोनच वर्षं आधी, 1873 साली, जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' प्रसिद्ध केलं आणि ते अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केलं. आमचं आणि त्या लोकांचं नातं पँथरच्या आधीचं आहे, ते इतकं जुनं.

पहिल्या 28 पैकी 15 डर्बी काळ्या जॉकींनी जिंकल्या. आयझॅक मर्फीने एकट्याने तीन. जिमी विंकफिल्डने 1901 आणि 1902 अशा लागोपाठ दोन. मग काय झालं? काळे लोक एकाएकी घोडा हाकायला विसरले? गोरे जॉकी शर्यत चालू असताना त्यांना कोंडीत धरू लागले, कठड्यावर ढकलू लागले. मालकांनी त्यांना घोडे देणं बंद केलं. पैसा आणि नाव वाढलं तसे काळे हात खोगिरावरून हटवले गेले आणि तबेल्यात लीद काढायला, खरारा करायला ठेवले गेले. 1902 नंतर आजवर एकाही काळ्या जॉकीने डर्बी जिंकलेली नाही. 1921 नंतर थेट 2000 सालापर्यंत डर्बीत काळा जॉकी दिसलाच नाही. विंकफिल्ड रशियात गेला, तिथे नावारूपाला आला, क्रांतीनंतर फ्रान्समध्ये जाऊन ट्रेनर झाला. 1961 साली त्याला लुईव्हिलला मेजवानीचं बोलावणं आलं, तेव्हा दोन डर्बी जिंकलेल्या या म्हाताऱ्याला हॉटेलच्या पुढच्या दारावर अडवलं गेलं.

आता रीडकडे परत बघा. तो लहान तबेल्याचा माणूस होता, त्याच्यावर संकट कोसळलं, त्याचा भाव कोणी केला नाही, हे सगळं खरं. आम्हाला त्याच्याबद्दल आदर आहे. पण त्याचा बापही ट्रेनर होता. घोड्याची विद्या त्याला घरातच मिळाली आणि कोणत्याही दारावर त्याची कातडी बघितली गेली नाही. 80 ला 1 हा भाव त्याच्या घोड्याला मिळाला, कारण घोडा निदान रांगेत उभा होता. विंकफिल्डच्या नंतरच्या पिढ्यांना भावच नव्हता, ना 80 चा ना 800 चा. कमी भाव मिळणं ही एक गोष्ट आहे आणि फाटकाबाहेर असणं ही वेगळी. प्रस्थापितांना या दोहोंची गल्लत सोयीची जाते.

आपल्याकडे घोडा म्हटलं की नांदेडकरांना माळेगावची यात्रा आठवते. मार्गशीर्षात खंडोबाच्या यात्रेत दूरदूरचे घोडे येतात, सौदे होतात. पण या देशात घोड्यावर बसणं हा अजूनही जातीचा प्रश्न आहे. दलित नवरदेवाची वरात अडवल्याच्या बातम्या येतच असतात. मार्च 2018 मध्ये गुजरातच्या भावनगर जिल्ह्यात एका दलित तरुणाचा खून झाला. तो घोडा बाळगतो, त्यावर बसतो, हे गावातल्या सवर्णांना खपलं नाही, अशी तक्रार त्याच्या वडिलांनी दिली. त्या पोराला कोणता भाव द्यायचा?

म्हणून बाबासाहेबांनी एखाददुसऱ्या हुशार पोराची पाठ थोपटण्यावर भागवलं नाही, फाटक बांधलं. 1950 साली औरंगाबादला त्यांनी कॉलेज काढलं, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय. मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यातली पोरं तिथे पोचली आणि मग त्यांचा भाव काढायची वेळ इतरांवर आली. नामांतराचंही तसंच. 27 जुलै 1978 ला विधिमंडळाने ठराव केला, त्यानंतर याच नांदेड जिल्ह्यात आमच्या वस्त्या जळाल्या, माणसं मारली गेली. त्या दिवसांत नामांतरावर कोणी चार आणे लावले असते का? 14 जानेवारी 1994 उजाडायला 16 वर्षं लागली, आणि तेवढी वर्षं माणसं जागेवरून हटली नाहीत.

आज हिमायतनगरसारख्या ठिकाणचं पोरगं वसतिगृहाच्या, शिष्यवृत्तीच्या, कॉलेजप्रवेशाच्या प्रतीक्षायादीत असतं. कार्यकर्त्यांना आमचा प्रश्न आहे: वरच्या यादीतली नावं गळतात त्या दिवशी आपलं पोरगं कुठे असतं? बहुतेक वेळा जात पडताळणीचा कागद यायचा असतो, उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपलेली असते, दुसऱ्या फेरीची तारीख कोणी सांगितलेली नसते. जागा भरल्या नाहीत म्हणून पुन्हा बोंब होते, की यांच्यात लायक उमेदवारच मिळत नाहीत. जयंतीच्या वर्गणीतून डीजेला जेवढे पैसे जातात, त्याच्या पाव हिश्शात तालुक्याला एक खोली, एक संगणक आणि फॉर्म भरून देणारी दोन शिकलेली पोरं बसवता येतात. बारावीचा निकाल लागायच्या आधी ही खोली उघडली पाहिजे आणि शेवटच्या फेरीची यादी लागेपर्यंत तिला कुलूप लागता कामा नये.